डोंगरातले घर आणि इसार

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या पश्चिम सीमेवर, ॲलेगेनी पर्वतराजीत, हायलँड काउंटी वसली आहे. १८४७ साली स्थापन झालेल्या या काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत २,२३२ भरली. राज्यात हीच सर्वांत कमी. मेंढ्यांची कुरणे, मार्चमधील मेपल उत्सव, जेम्स व पोटोमॅक नद्यांची उगमस्थाने पाहून शहरातून आलेल्या कुटुंबास येथे घर घ्यावेसे वाटणे स्वाभाविकच.

परंतु पाहुण्याचा दिवस वेगळा, रहिवाशाचे वर्ष वेगळे. काउंटीत रुग्णालय नाही. मॉन्टेरे या मुख्य गावापासून स्टँटनची बाजारपेठ घाटरस्त्याने सुमारे ७० किलोमीटर. हिवाळ्यात त्यावर बर्फ पडते. गावाबाहेरील घरास पाणी बहुधा स्वतःच्या बोअरचे, सांडपाण्यासाठी स्वतःची सेप्टिक टाकी. मोबाइलचे जाळेही विरळ.

म्हणून मार्चमध्ये आवडलेले घर जाणत्याने जानेवारीत पुन्हा पाहावे. पाणी तपासून घ्यावे, टाकी उघडून दाखविण्यास सांगावे आणि घरातील वृद्धांना रात्री रुग्णालयात नेण्यास किती वेळ लागतो, हे स्वतः गाडी हाकून मोजावे. इसाराची रक्कम त्यानंतरच द्यावी.