घरचा संगणक : बदललेलें सेटिंग टिकत कां नाहीं?

परभणी जिल्ह्यांतील सेलू, जिंतूर किंवा गंगाखेड येथील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. मुलगा परदेशीं, कन्या सासरीं. घरीं वडील संगणकावर आणि आई फोनवर एकच ई-मेल खातें पाहतात. वडिलांनीं ‘थंडरबर्ड’ या मोफत प्रोग्रॅममध्यें ‘पत्रें सर्व्हरवर राहूं द्यावींत’ या सेटिंगवर खूण केली. दुसऱ्या दिवशीं पाहावें तों खूण नाहींशी! पुन्हां केली, पुन्हां गेली.

हा प्रकार केवळ त्रासाचा नव्हे. खातें ‘पॉप’ पद्धतीचें असल्यास, खूण नसतांना प्रोग्रॅम पत्रें संगणकावर उतरवून घेतो आणि साधारणतः सर्व्हरवरून काढून टाकतो. मग मुलाचें पत्र आईच्या फोनवर दिसत नाहीं. आणि उद्यां संगणक बिघडला, तर वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार त्याच्याबरोबर जावयाचा.

अशा वेळीं कांहीं मंडळी यंत्र लहरी आहे म्हणून सोडून देतात. कांहीं रागाच्या भरांत खात्यासह सारें पुसून नव्यानें आरंभ करतात. हें तर आगींतून निघून फुफाट्यांत पडणें होय. यंत्रास लहर नसते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आपण हातानें नांव सुधारलें, तरी मूळ दप्तरांतील नोंद जुनी असेपर्यंत प्रत्येक नवा उतारा जुनेंच नांव घेऊन येणार. येथेंही मूळ नोंद कोठें आहे, हें शोधिलें पाहिजे. आणि सेटिंग केव्हां पालटतें, यावरून तिचा पत्ता लागतो.

प्रोग्रॅम बंद करून उघडतांच सेटिंग पालटत असेल, तर ‘प्रोफाइल’ फोल्डर पाहावें. ‘हेल्प’मधील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावरून तें उघडतां येतें. थंडरबर्ड आपलीं सेटिंगें तेथील ‘प्रेफ्स.जेएस’ या फायलींत लिहितो. तिच्या शेजारीं ‘यूजर.जेएस’ ही दुसरी फाइल आहे काय, हें पाहावें. ती मुळांत नसते, कोणी तरी मुद्दाम ठेविलेली असते. आणि असली, तर प्रोग्रॅम उघडतांना प्रत्येक वेळीं तिच्यांतील आज्ञा पहिलीवर मात करतात. प्रोग्रॅम बंद करून तिचें नांव बदलावें आणि सेटिंग पुन्हां एकदां करावें.

नवी आवृत्ति दुसऱ्या जागीं बसविल्यावर सारेंच कोरें दिसूं लागलें, तरी घाबरूं नये. २०१९ सालच्या ६८व्या आवृत्तीपासून प्रत्येक बसवणुकीस स्वतंत्र प्रोफाइल मिळतें. जुनें बहुधा शाबूत असतें. वरील पानावरच ‘अबाउट:प्रोफाइल्स’ची यादी आहे, तींतून तें निवडतां येतें.

काम चालूं असतांनाच बदल होत असेल, तर एखाद्या जोड-प्रोग्रॅमचा संशय घ्यावा. शिफ्ट कळ दाबून धरून थंडरबर्ड उघडल्यास ते सारे तात्पुरते बंद ठेवतां येतात. सेटिंग फिकट दिसून बदलतांच येत नसेल, तर तें बहुधा कचेरीच्या धोरणानें बांधलेलें असतें. तेथें व्यवस्थापकासच विचारावें. सार्वजनिक केंद्रांतील कित्येक संगणक तर दर वेळीं मूळ स्थितीवर यावेत अशीच योजना असते. तेथें खटपट व्यर्थ होय.

दोन पथ्यें मात्र अवश्य पाळावींत. कशासही हात लावण्यापूर्वीं प्रोग्रॅम बंद करून संपूर्ण प्रोफाइल फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. कारण उतरवून घेतलेलीं पत्रें साधारणतः त्यांतच असतात. दुसरें, प्रोग्रॅम चालूं असतांना ‘प्रेफ्स.जेएस’मध्यें हातानें फेरफार करूं नये. बंद होतांना तो ती फाइल पुन्हां लिहितो आणि आपले श्रम वायां जातात.

एकाच खात्यावर घरांतील दोघांचा डोळा असेल, तर नवें खातें जोडतांना ‘आयमॅप’ पद्धति निवडावी हें उत्तम. तींत पत्रें सर्व्हरवरच राहतात आणि वडिलांचा संगणक व आईचा फोन या दोहोंवर सारखींच दिसतात. मग त्या एका खुणेवर घरचा पत्रव्यवहार अवलंबून राहत नाहीं.