उबेचा पेला व उबेचे ढोंग

पौष लागला की निफाड तालुक्यातील थंडीचे आकडे वृत्तपत्रांत झळकू लागतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा पाच अंशांच्या खाली उतरला म्हणजे मुंबई-पुण्याच्या मंडळींस नाशिक जिल्ह्याविषयी एकाएकी प्रेम वाटू लागते, आणि त्या प्रेमाबरोबर हल्ली एक नवे पेयही अवतरते. लवंग-दालचिनी घालून ऊन केलेली द्राक्षांची वाइन हे ते पेय होय. कोणी वाइनच्या जागी बिअर सुचवितात. या पेल्यावरून आमच्याकडे दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, युरोपचे वैभव आपल्या दारी आले. दुसरा म्हणतो, युरोपचा अनाचार आपल्या दारी आला. गोदाकाठच्या सायखेड्यास या दोन्ही पक्षांचे बोलणे आम्ही पुष्कळदा ऐकले आहे, आणि आमचे स्पष्ट मत असे की, दोघेही सारखेच चुकत आहेत. पेला जो आहे तो न पाहता दोघेही त्याला भलतेच नाव देत आहेत.

प्रथम हौशी पक्षाचा समाचार घेऊ. इंग्लंडात हिवाळ्याच्या रात्री एल नावाची जवाची बिअर तापवून, तीत जायफळ, सुंठ व साखर घालून पिण्याची जुनी चाल आहे. विस्तवात लाल केलेली लोखंडी सळई पेल्यात बुडवून ती तापवीत. नाताळाच्या सुमारास तीत भाजलेली सफरचंदेही घालीत. चाल चांगलीच होती, कारण ती त्या भूमीतून उगवलेली होती. जव तेथे पिकतो, सफरचंद तेथे पिकते, आणि चुलीपुढे लांबलचक रात्र काढणे तेथे भागच असते. परंतु तेथे जे पिकत नव्हते ते म्हणजे मसाले. मिरी मलबारातून गेली, दालचिनी सिंहलद्वीपातून, जायफळ बांदा बेटांतून. म्हणजे ज्या सुगंधाच्या जोरावर हा पेला विलायती म्हणून मिरविला जातो, तो सुगंध आपल्याच समुद्रावरून तिकडे गेलेला आहे. आपलीच लवंग परक्याच्या हातून परत घेताना जे कृतार्थ होतात, त्यांस आम्ही रसिक कसे म्हणावे? शिवाय बाजारातील साधी बिअर तापविली असता तिच्यातील हॉप्सचा कडवटपणा तेवढा वर येतो आणि फेस उडून जातो. इंग्लंडातील एल गोडसर व दाट असे, म्हणून ती उष्णता सोसत असे. नक्कल करणाऱ्यास हा भेद कोण सांगणार!

आता सोवळ्या पक्षाकडे वळू. या पक्षातील गृहस्थ वाइनचे नाव निघताच कानांवर हात ठेवतात. परंतु त्यांच्या घरातील फडताळात द्राक्षासवाची किंवा द्राक्षारिष्टाची बाटली बहुधा सापडते. शार्ङ्गधरसंहितेत द्राक्षारिष्टाची कृती दिलेली आहे. द्राक्षांचा काढा करावा, त्यात गूळ घालावा, दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी इत्यादी द्रव्ये मिळवावी, आणि मिश्रण बंद पात्रात ठेवून आंबू द्यावे. आंबविल्यावर जे होते त्यात मद्यार्क असतो, हे रसायनशास्त्राचा पहिला धडा वाचलेला विद्यार्थीही सांगेल. द्राक्षे, गूळ, दालचिनी, मिरी! ज्या पेल्यास हे गृहस्थ म्लेंच्छांचा अनाचार म्हणतात, त्याचा हा सख्खा भाऊ नव्हे काय? कायद्यासही हा घोटाळा चुकला नाही. मुंबई प्रांताने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, तेव्हा त्याच्या जाळ्यात मद्यार्कयुक्त औषधेही अडकली होती. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधनद्रव्यांपुरती ती कलमे अवैध ठरविली. तो निर्णय योग्यच होता. औषध म्हणून मापाने घेतलेल्या आसवास आमचा यत्किंचितही विरोध नाही. आमचा विरोध आहे तो एका बाटलीस धर्म व दुसरीस अधर्म ठरविणाऱ्या न्यायास.

येथवरचा वाद विनोदावारी नेता आला असता. परंतु या पेल्यास एक तिसरे नाव मिळाले आहे, आणि ते घातक आहे. ते नाव म्हणजे ‘थंडीवरचे औषध’. दारूने अंगात ऊब येते ही समजूत सुशिक्षितांत व अशिक्षितांत सारखीच दृढ आहे. वस्तुस्थिती उलट आहे. मद्यार्काने त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, आतले उष्ण रक्त त्वचेकडे धाव घेते, म्हणून अंग तापल्याचा भास होतो. आणि तीच उष्णता त्वचेवाटे बाहेर निघून जाऊन शरीराचा गाभा अधिकच थंड होतो. थंडीची सूचना देणारी जाणीव मात्र बधिर झालेली असते.

दिवाणखान्यात दुलई पांघरून बसलेल्यास या भासाने फारसे बिघडत नाही. परंतु कडाक्याच्या थंडीच्या रात्री सायखेडा, चांदोरी या भागातील द्राक्षबागांत काय चालते ते पाहावे. भरत आलेले मणी थंडीने फुगण्याचे थांबतात, साखर उतरू लागलेले मणी तडकतात. म्हणून शेतकरी पहाटेपूर्वी उठून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या करतो, धूर धरतो, विहिरीचे त्यामानाने ऊन पाणी ठिबकने मुळांशी सोडतो. त्याच्याबरोबर मजूर असतो, अंगावर एक घोंगडी, पाय ओल्या मातीत. त्याला कोणी सांगावे की घोटभर घे, थंडी वाजणार नाही, आणि त्याने ते खरे मानून उघड्यावर रात्र काढावी, यासारखा क्रूर उपदेश दुसरा नाही. त्यास हवे सुके कपडे, पायांत जोडे, शेकोटीजवळची जागा आणि आले-गुळाचा कढत चहा. पेल्याचे कौतुक करणाऱ्या लेखण्या या माणसाचे नाव घेत नाहीत. परंतु त्यांनी पसरविलेल्या समजुतीचा दंड तोच भरतो.

चौथे नाव राज्यकर्त्यांनी दिले. ते म्हणजे ‘शेतकऱ्याचे कल्याण’. २००१ साली महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले, याच तालुक्यात विंचूरला वाइन उद्यान उभे राहिले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हाही शेतकऱ्याचेच नाव पुढे होते. वाइनसाठी ज्यांनी निराळ्या जातींच्या वेली लावल्या त्यांस त्याचा लाभ झाला, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु निफाडच्या बहुसंख्य बागा खाण्याच्या द्राक्षांच्या आहेत, आणि तडकलेल्या मण्यांचे नुकसान कोणाच्या संध्याकाळच्या पेल्याने भरून निघत नाही. आपल्या चैनीवर दुसऱ्याच्या दैन्याचे पांघरूण घालणे सभ्यपणाचे नव्हे.

मग हा पेला करूच नये काय? आम्ही तसे म्हणत नाही. ज्यास कायद्याने मोकळीक आहे व प्रकृतीने मनाई नाही, त्याने तो करावा. मात्र नीट करावा. अर्धा पेला पाण्यात तीन चमचे गूळ, दालचिनीचा बोटभर तुकडा, पाच लवंगा, दोन वेलच्या, चार मिरे, आल्याची चकती व संत्र्याची साल घालून दहा मिनिटे मंद उकळावे. मसाल्याचा अर्क पाण्यात उतरला म्हणजे तांबड्या वाइनची एक बाटली त्यात ओतावी, आणि वाफ दिसू लागताच भांडे खाली उतरावे. उकळी येऊ देऊ नये. तिने सुगंध उडतो व कडवटपणा राहतो. उकळले की मद्यार्क निघून जातो, म्हणून दोष उरत नाही, असे समाधान करून घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की थोड्या वेळाच्या उकळीने त्यातील बराचसा भाग तेथेच राहतो. वर जायफळ किसून लहान पेल्यांत चौघा-पाचांस द्यावे. आणि ज्यांस मद्य वर्ज्य आहे त्यांनी मूठभर काळ्या मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून, त्याच मसाल्यात उकळून गाळून घ्याव्या व लिंबू पिळावे. द्राक्ष तेच, मसाला तोच, आणि पाहुण्यांतील मुलांसही तो पेला देता येतो.

हा पेला ना संस्कृतीचे शिखर आहे, ना नरकाचे द्वार. ना तो औषध आहे, ना शेतकऱ्यावरील उपकार. ती एक चैन आहे. चैन करणाऱ्याने तिला चैन म्हणण्याचे धैर्य दाखवावे, आणि पेला ओठाला लावताना, ती द्राक्षे टिकावी म्हणून नदीकाठच्या धुक्यात जो शेकोट्या पेटवीत फिरतो आहे त्याच्या अंगावर धड पांघरूण आहे की नाही, याची चौकशी करावी.