मन एक, कामे अनेक : वैद्याच्या दिनचर्येचा फेरविचार

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळची हकीकत सांगून प्रारंभ करतो. डोंबिवलीतील माझ्या दवाखान्यात आठच्या सुमारास नेहमीची गर्दी होती. जुनाट खोकल्यासाठी आलेल्या एका काकूंचे प्रश्नपरीक्षण चालू असताना भ्रमणध्वनी तीन वेळा वाजला आणि तिन्ही वेळा मी तो घेतला. मधल्या वेळात काकू बोलत होत्या, मी मान डोलावत होतो. वासावलेह आणि सोबत एक चूर्ण लिहून त्यांना पाठवले. पंधरा दिवसांनी त्या आल्या, तेव्हा खोकला उतरला होता. पण रक्तातील साखर चांगलीच चढली होती. वासावलेहात शर्करेचे प्रमाण किती असते हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. "काकू, मधुमेह असल्याचे आपण सांगितले नाहीत?" असे मी किंचित तक्रारीच्या सुरात विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, "सांगितलं होतं, डॉक्टर. तुम्ही तेव्हा फोनवर होता."

सुदैवाने झालेली हानी भरून येण्याजोगी होती व ती भरून आलीही. परंतु दरवेळी तसेच घडेल याची हमी कोणी द्यावी? त्या दिवसापासून जो विचार मनात घोळत राहिला तो व्यवसायबंधूंपुढे ठेवण्यासाठी हा लेखप्रपंच.

आपण एकाग्रतेच्या अभावाकडे स्वभावदोष म्हणून पाहतो. "हल्ली लक्षच लागत नाही" असे हसत म्हणतो आणि सोडून देतो. माझे म्हणणे असे की, वैद्याच्या बाबतीत हा स्वभावदोष नसून चिकित्सादोष आहे आणि त्याची चिकित्साही आपल्याच शास्त्रात सापडते.

मनाचे दोन गुण चरकाचार्यांनी सांगितले आहेत : अणुत्व आणि एकत्व. मन एका क्षणी एकाच इंद्रियाशी जोडलेले असते. दोन गोष्टी एकाच वेळी केल्याचा जो भास होतो, तो त्याच्या शीघ्र गतीमुळे. हे आपण शारीरस्थानात शिकलो, परीक्षेत लिहिले आणि दवाखान्याच्या खुर्चीत बसताच विसरलो. एका कानाने रुग्णाची व्यथा व दुसऱ्या कानाने फोनवरील शंका ऐकता येते, असे समजणे हे आपल्याच सिद्धान्ताला नाकारणे होय.

प्रज्ञापराधाचे धी, धृती आणि स्मृती यांचे विभ्रंश आपण रुग्णांना लावून पाहतो. वरील प्रसंगात मी ते स्वतःला लावून पाहिले. मधुमेहात अवलेह सांभाळून द्यावा हे मला ठाऊक होते, म्हणजे धी शाबूत होती. वेळेवर ते आठवले नाही, म्हणजे स्मृती चुकली. पण स्मृती का चुकली? कारण वाजणारा फोन न उचलण्याइतकी धृती माझ्यापाशी नव्हती. निदान असे झाल्यावर उपचार कोठे करायचा हे स्पष्ट होते. स्मरणशक्तीसाठी ब्राह्मी घेऊन हा व्याधी बरा होणारा नाही. येथे निदानपरिवर्जन हीच चिकित्सा आहे.

आधुनिक निरीक्षणेही याच दिशेची आहेत. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिले की, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळल्यावर मनाचा काही अंश मागच्या कामातच गुंतून राहतो आणि पुढचे काम त्या प्रमाणात कच्चे होते. जोहाना वेस्टब्रूक यांच्या चमूने सिडनीतील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांच्या औषध देण्याच्या कामाचे निरीक्षण केले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रत्येक व्यत्ययामागे कार्यपद्धतीतील चुका व वैद्यकीय चुका या दोन्ही सुमारे १२ ते १३ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने तर १९८१ सालीच नियम केला की, विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना वैमानिकांनी उड्डाणाशी संबंध नसलेले बोलणे वा काम करू नये. नाडीवर बोटे असतानाची आपली तीन-चार मिनिटे ही आपली 'दहा हजार फुटांखालची' वेळ आहे. तिला मात्र कोणताच नियम नाही.

यावर एक आक्षेप हमखास येईल आणि तो पोकळ नाही. "हे सारे मोठ्या रुग्णालयांत ठीक. ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे दर दोन इमारतींमागे एक दवाखाना. फोन उचलला नाही तर रुग्ण पुढच्या पायऱ्या चढतो." शिवाय आपल्या भागाची घडणच निराळी आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे ३४, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४ किलोमीटर. सकाळी गाडी पकडणारा आपला रुग्ण संध्याकाळी साडेसात-आठनंतरच स्थानकाबाहेर पडतो आणि तसाच दवाखान्यात येतो. दिवसभराचे निम्म्याहून अधिक काम आठ ते दहा या दोन तासांत कोंबले जाते. त्याच वेळी औषधविक्रेता शंका विचारतो, प्रतिनिधी बाहेर ताटकळत असतो, घरून जेवणाची विचारणा होते. ब्राह्ममुहूर्ती उठण्याचा आणि रात्री लवकर, हलके जेवण्याचा उपदेश करणारा वैद्य स्वतः रात्री अकराला जेवतो, हे आपल्यापैकी कित्येकांचे वास्तव आहे.

हा आक्षेप मान्य करूनही मी म्हणेन की, गर्दी हे कारण असले तरी ते विप्रकृष्ट कारण आहे. संनिकृष्ट कारण वेगळे आहे. त्या प्रसंगानंतर पंधरा दिवस मी प्रत्येक फोनची नोंद वहीत ठेवली. वही वाचताना जे दिसले त्याने मी ओशाळलो. "गोळी जेवणाआधी की नंतर?", "काढा किती आटवायचा?", "तुम्ही लिहिलंय ते चंद्रप्रभा की चंद्रकला?", "दही चालेल का?" बहुतेक फोन माझ्याच अपुऱ्या लिखाणातून आणि घाईत दिलेल्या सूचनांतून जन्मलेले होते. म्हणजे ज्या व्यत्ययांची मी तक्रार करीत होतो, त्यांचा उत्पादक मीच होतो.

येथे विमानस्थानातील अनुबंध्य आणि अनुबंध हा भेद उपयोगी पडतो. जो दोष स्वतंत्र, व्यक्त लक्षणांचा व स्वहेतूंनी प्रकुपित, तो अनुबंध्य; त्याच्या आश्रयाने आलेला तो अनुबंध. अनुबंध्याची चिकित्सा केली की अनुबंध बहुधा आपोआप शमतो. दिवसाच्या कामांचेही असेच आहे. रुग्णपत्रिका तत्क्षणी पूर्ण लिहिणे, औषधाचे नाव, मात्रा, अनुपान व सेवनकाल सुवाच्य लिहिणे, पथ्यापथ्य तोंडी न सांगता कागदावर देणे ही अनुबंध्य कामे. शंकांचे फोन, चुकलेली औषधे, परत बदलून द्याव्या लागणाऱ्या बाटल्या, पुढच्या भेटीत "मागे काय दिले होते?" ही शोधाशोध, हे सारे अनुबंध. आपण दिवसभर अनुबंधाच्या मागे धावतो आणि अनुबंध्य काम 'रात्री निवांत करू' म्हणून ठेवून देतो. ती निवांत रात्र येत नाही.

मी केलेले बदल थोडे व साधे आहेत. तपासणीच्या खोलीत भ्रमणध्वनी नाही. तो बाहेर मदतनीस ताईंपाशी. त्यांच्यापुढे एक छोटी यादी चिकटवली आहे : छातीत दुखणे, धाप, मुलाला झटके, गर्भिणीला रक्तस्राव, बेशुद्धी. असा आत्ययिक निरोप असेल तर दार ठोठावायचे. अन्यथा नाव लिहून घ्यायचे. परतीचे फोन दुपारी दीड वाजता व रात्री दवाखाना संपल्यावर. नेहमीच्या कल्पांचे सेवनकाल, अनुपान व पथ्य यांचे छापील कागद तयार केले. नव्या व जीर्ण व्याधींच्या रुग्णांना शक्यतो सकाळची किंवा शनिवारची वेळ देतो; संध्याकाळच्या गर्दीत मुख्यतः फेरतपासणी. आणि एक रुग्ण उठून दुसरा बसेपर्यंत पहिल्याची पत्रिका पूर्ण झालीच पाहिजे, हा स्वतःवर घातलेला दंडक. पहिल्या महिन्यात काही रुग्ण नाराज झाले, एक-दोन कदाचित गेलेही. परंतु पूर्ण ऐकून घेतले जाते असे कळल्यावर राहिलेल्यांनीच इतरांना आणले. फोनही आपसूक कमी झाले.

या शिस्तीला एक अपवाद मात्र मुद्दाम ठेवला आहे आणि येथे औषधालयांच्या मालकांशी दोन शब्द बोलायचे आहेत. औषधविक्रेत्याचा शंकेचा फोन मी तपासणी चालू असतानाही घेतो. दोन रुग्णांच्या मधल्या क्षणी, पण घेतो. सर्व व्यत्यय सारखे नसतात. चंद्रप्रभा, चंद्रकला आणि चंद्रामृत यांत अक्षरांचा फरक थोडा, कर्माचा फार. कामदुधा साधी की मौक्तिकयुक्त, सूतशेखर साधा की सुवर्णयुक्त, हा प्रश्न गुणाचाही आणि रुग्णाच्या खिशाचाही. असा प्रश्न विचारणारा औषधविक्रेता आपल्या कामात अडथळा आणत नाही, तो आपली चूक थांबवतो. त्याने संकोच करू नये आणि आपण त्याच्यावर खेकसू नये. पण हेही खरे की, चिठ्ठी स्वच्छ असेल तर त्याला विचारावेच लागणार नाही.

ज्यांच्याकडे स्वतःची निर्मिती आहे त्यांना एकाग्रतेचे महत्त्व मी काय सांगावे? अवलेहाचा पाक तंतुमान झाला, पाण्यात टाकल्यावर बुडाला, की अग्नी काढावा लागतो. तो क्षण हुकला तर खर झालेला पाक कोणत्याही उपायाने परत मृदू होत नाही. घृताचा फेस शमला आणि तैलावर फेस आला, ही सिद्धीची लक्षणे पाहायला माणूस कढईजवळच हवा. तेथे कोणी फोनवर बोलत उभा राहत नाही. मग तेच मालक गल्ल्यावर बसून, एका हाताने पैसे मोजत, दुसऱ्या हाताने चिठ्ठी वाचत औषध का देतात? मुदत संपत आलेल्या मालाची तपासणी, साठ्याची नोंद व मागणी ही कामे दुकान उघडल्यावर पहिल्या तासात, गिऱ्हाईक विरळ असताना उरकावीत. संध्याकाळी आठ ते दहा चिठ्ठी वाचणाऱ्याकडे फक्त चिठ्ठीच असावी. माझ्या परिचयाच्या एका दुकानात औषध पिशवीत घालण्यापूर्वी दुसरा माणूस ते चिठ्ठीशी पुन्हा ताडून पाहतो. वेळ लागतो तो अर्धा मिनिट.

शेवटी नव्या कामांविषयी. प्राधान्य ठरवण्याची खरी कसोटी असलेली कामे लावण्यात नसून नवे काम स्वीकारण्याच्या क्षणी असते. कोणतेही कर्म आरंभण्यापूर्वी कारण, करण, कार्ययोनी, कार्य, कार्यफल, अनुबंध, देश, काल, प्रवृत्ती आणि उपाय या दहांचा विचार करावा, असे चरकसंहितेत सांगितले आहे. (येथील अनुबंध म्हणजे कर्माचा कर्त्याशी जोडला जाणारा पुढचा परिणाम, हे वेगळे सांगायला नको.) मी कल्याण पश्चिमेला दुसरा दवाखाना उघडला, तेव्हा फक्त कार्यफलाचा विचार केला होता, देश-कालाचा नाही. २०१८ मध्ये जुना पत्रीपूल पाडला गेला आणि नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या काळात माझ्या संध्याकाळी रस्त्यावरच्या रांगेत गेल्या. दोन्ही ठिकाणी मी उशिरा पोहोचणारा, घड्याळाकडे पाहत नाडी पाहणारा वैद्य झालो. अखेर तो दवाखाना बंद केला. उत्पन्न घटले हे खरे. पण आता जे रुग्ण पाहतो, ते पाहतो. पंचकर्माची नवी खोली, दुसरी शाखा, एखाद्या समितीचे पद असे काही समोर आले, की ही दहा पदे कागदावर मांडून पाहावीत. चार-पाच ठिकाणीच उत्तर अडखळले तर नम्रपणे नकार द्यावा.

माझी संघटनेला एक विनंती आहे. आपल्या सभांतून नव्या कल्पांवर, नव्या यंत्रांवर व्याख्याने होतात, ती व्हावीतच. पण वर्षातून एक सभा आपल्या चुकांसाठी ठेवावी. नावे न घेता, कोणाला दोष न देता, 'व्यग्रतेमुळे माझ्याकडून काय चुकले' एवढेच प्रत्येकाने सांगावे, वैद्यांनी आणि औषधविक्रेत्यांनी एकत्र बसून. माझी पहिली नोंद तयार आहे. ती वर दिलीच आहे.

त्या काकू अजूनही येतात. खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा टेबलावर नजर टाकतात, फोन दिसत नाही म्हटल्यावर पदर सावरतात आणि बोलू लागतात. त्यांचे बोलणे संपेपर्यंत मी लेखणी उचलत नाही.