शेततळ्यात 'मगर मासा' नकोच

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून 'मगर मासा' म्हणजे गार आणून हौसेनं शेततळ्यात सोडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

"हा छोटाच राहतो," असं सांगून विकतात. स्पॉटेड गार तीन-साडेतीन फुटांचा होतो, अ‍ॅलिगेटर गार आठ फुटांपर्यंत जातो. वीतभर पिल्लं मात्र सारखीच वाटतात. अ‍ॅलिगेटरचं तोंड आखूड, रुंद. वरच्या जबड्यात मोठ्या दातांच्या दोन ओळी. पिल्लाच्या पाठीवर मधोमध फिकट पट्टा. स्पॉटेडच्या डोक्यावर ठिपके, पण ते फ्लोरिडा गारलाही असतात. तिथं गळ्याखाली बघायचं, स्पॉटेडला हाडासारखे खवले असतात, फ्लोरिडाला नाहीत. दुकानात उलटा धरून कोण बघतंय!

आणि छोटा निघाला तरी काय? रोहू-कटल्याची बोटुकली तो गिळणारच. तो हवेतूनही श्वास घेतो. पाण्यातला ऑक्सिजन घटला की आपले मासे मरतील, हा तगेल. त्याची अंडी माणसाला विषारी आहेत.

2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरातही अ‍ॅलिगेटर गार सापडला. आधीच सोडला असेल तर जाळं टाकून काढा, पण ओढ्यात सोडू नका.

आपल्या नदीतला सुईसारख्या तोंडाचा मासा मात्र वेगळा. त्याचे खवले बारीक, गारचे टणक, शंकरपाळ्याच्या आकाराचे. त्याला उगाच मारू नका.