मानाच्या नावाखाली वेठ



वढू बुद्रुक, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या टापूत राहणाऱ्या कुटुंबांनी आपल्या घराचा एक हिशेब मांडून पाहावा. पणजोबा किती तास राबत होते, आणि आज पहाटे कंत्राटदाराच्या गाडीत बसून रांजणगावला जाणारा आपला मुलगा किती तास राबतो?

पहिल्याचे उत्तर सरळ आहे. १८७४ च्या वतन कायद्याखाली महार हा चोवीस तासांचा सरकारी नोकर होता. सांगावा न्यावा, वसुलाबरोबर चालावे, वेशीवर पहारा द्यावा. तो घरी नसेल तर बापाने अगर भावाने जावे. मोबदला काय? इनामाचा तुकडा, बलुत्याच्या पेंढ्या, दारोदारची शिळी भाकर आणि मेल्या जनावराचे कातडे. या साऱ्यास नाव मात्र 'मान'! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात याविरुद्ध विधेयक मांडले, पण ते त्यांना मागे घ्यावे लागले. ही वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर झाला.

वढूच्या मातीला तर ही गोष्ट शिकवावी लागत नाही. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीजवळ गोविंद गोपाळ यांची समाधी आहे. महाराजांच्या देहाचा अंत्यसंस्कार त्यांनी केला, अशी आपल्या समाजाची परंपरा सांगते. त्या सेवेबद्दल केवळ नाव राहावे एवढीच अपेक्षा, आणि त्या नावाच्या फलकावरूनही डिसेंबर २०१७ मध्ये तंटा झाला!

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांस आठवड्याला ७० तास राबण्याचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले. राष्ट्र उभारावयाचे आहे म्हणे! राष्ट्रासाठी चोवीस तास राबण्याचा अनुभव या देशात कोणाच्या गाठी आहे, हे या सद्गृहस्थांनी महारवाड्यात येऊन विचारावयास हवे होते.

परदेशाचे दाखले देणारे अर्धाच दाखला देतात. १९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने आठवड्याला ४८ तासांचा करार केला; त्याच करारात हिंदुस्थानासाठी स्वतंत्र कलम घालून ६० तास ठरविले. काळ्या कामगाराचा दिवस गोऱ्याच्या दिवसाहून लांब, असा जणू निसर्गनियमच! ही तफावत मिटावयास २७ वर्षे लागली. १९३४ साली ५४ तास झाले, आणि बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना हाती घेतलेल्या सुधारणेतून १९४६ साली ४८. त्यापूर्वी रविवारची सुटी मिळाली १८९० साली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर. मालकाने आपण होऊन काहीच दिले नाही.

मग आज तफावत संपली का? रांजणगावात कोरिया, चीन, इटली येथील भांडवलाचे कारखाने आहेत. कोरियाच्या कायद्याने २०१८ पासून जादा कामासह आठवड्याची मर्यादा ५२ तास केली. युरोपीय संघाच्या नियमात ४८ तासांची सरासरी आहे, पण तीत जादा काम धरलेले आहे. आपल्याकडे ४८ हा पाया, आणि त्यावर जादा कामाचा मजला! सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती लागेल, असा त्यावर दिलासा आहे. कंत्राटी कामगाराची संमती! ज्याला उद्या गाडीत घेतले नाही तरी कारण सांगावे लागत नाही, तो 'नाही' म्हणेल कसा?

काही बंधू म्हणतील, जादा तासांनी चार पैसे येतात, त्यातून मुलांची फी भरते. हे खोटे नाही, आणि फीसाठी राबणाऱ्या बापास दोष देणारा करंटाच म्हणावा. परंतु आठ तासांत पोट भरत नाही याचा अर्थ वेतन अपुरे आहे. शिवाय ज्या मुलाची फी भरली, त्याचा अभ्यास घेणारा बाप रात्री दहाला घरी येतो, आणि दिवसभर खुरपून आलेल्या आईची दुसरी पाळी चुलीपाशी सुरू होते. तिला तर संमतीही कोणी विचारीत नाही.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: सेवकास शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, विशेष पक्वान्नात वाटा द्यावा, योग्य वेळी सुटी द्यावी. यांस कर्तव्ये म्हटले आहे, मेहेरबानी नव्हे. आणि आपण दिवाळीस मिठाईचा पुडा घेऊन हात जोडतो! १९६५ च्या कायद्याने बोनस हा कामगाराचा हक्क ठरला, किमान ८.३३ टक्के. जादा तासास दुप्पट दर १९४८ च्या कारखाने कायद्यात होता आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेतही आहे. 'उत्तम कामगार' असे छापलेला कागद भिंतीवर लावावयास हरकत नाही. पण त्याच्याशेजारी पगारपत्रकही लावा, आणि त्यात दुप्पट दराचा रकाना भरला आहे की कोरा, ते शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलीकडून वाचून घ्या.

येत्या पौर्णिमेस वंदना झाल्यावर विहारात प्रत्येक घराने तीन महिन्यांची पगारपत्रके आणि आपल्या हाताने लिहिलेली तासांची वही घेऊन यावे. ज्यांना पगारपत्रक मिळतच नाही, त्यांनी तर आधी यावे.