अहवाल आधी उमेदवाराच्या हाती द्या

कंत्राटदाराच्या पटावर काही वर्षे राबलेल्या माणसाला कंपनीचे कायम नेमणुकीचे पत्र मिळते, तेव्हा शेवटच्या पानावरचे बारीक अक्षरातले कलम तो सहसा वाचत नाही. पार्श्वभूमी पडताळणी समाधानकारक ठरली तरच नेमणूक पक्की, असे ते कलम. मनुष्यबळ विभागातली आपण माणसेच ते लिहितो. समाधान कोणाचे, कशाच्या आधारे, आणि ते झाले नाही तर उमेदवाराला कळवायचे काय, याबद्दल त्यात अवाक्षर नसते. मग एके दिवशी मेल जाते : आपली उमेदवारी पुढे नेता येत नाही. कारण विचारले तर उत्तर एकच, कंपनीचे धोरण. कायमची नोकरी जातेच, शिवाय शेरा लागलेल्या माणसाला परत घ्यायला कंत्राटदारही कचरतो.

बनावट पदवी आणि विकतचे अनुभवपत्र घेऊन येणाऱ्यांना दारातच अडवायला हवे, याबद्दल दुमत नाही. पण पडताळणी करणाऱ्या एजन्सीचा अहवाल हिरवा, पिवळा आणि लाल अशा तीन रंगांत येतो आणि खरा अन्याय पिवळ्यात होतो. पिवळा म्हणजे खोटे आढळले असे नव्हे. पडताळणी होऊ शकली नाही, एवढेच. घाईतला अधिकारी मात्र पिवळ्याला लाल समजून मोकळा होतो.

पत्त्याचेच घ्या. बायजाबाई शिंदे यांनी १८३० मध्ये वाराणसीत बांधलेल्या शिंदे घाटाच्या पायऱ्या चढून संकठा मंदिराकडे निघालो की चिंचोळ्या गल्ल्या लागतात. इथले घरक्रमांक 'सीके' या अक्षरांनी सुरू होतात आणि पुढचे आकडे तिरप्या रेघेने तोडलेले असतात. अशा घराचा कायमचा पत्ता लिहिणाऱ्या उमेदवाराच्या मोबाइलवर एजन्सीची लिंक येते : दारासमोर उभे राहा, फोटो काढा, लोकेशन पाठवा. उंच भिंतींच्या बोळात उपग्रहाचा ठिपका सरकतो आणि भलत्याच गल्लीत जाऊन पडतो. एजन्सीने माणूस पाठवला, तर दार बंद दिसताच शेरा मारून तो पुढच्या पत्त्याकडे वळतो. पुण्यातल्या कार्यालयात अहवाल उघडतो तेव्हा गल्ली दिसत नाही, पिवळा रंग तेवढा दिसतो.

भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींचा घोळ याहून मोठा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचे जाहीर केले, तेव्हापासून यूएएन या निधी-खाते क्रमांकाखालच्या नोंदी तपासताना सगळ्यांचीच नजर करडी झाली. ते स्वाभाविक होते. पण जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नाही, तर नोंदीत दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू दिसतात. कर्मचारी आता ती तारीख स्वतः भरू शकतो, पण नोकरी सोडून दोन महिने उलटल्यावरच. म्हणजे नव्या नोकरीची पडताळणी ऐन रंगात असते, तेव्हा नोंद दुरुस्त करणे त्याच्या हातात नसते.

सरकारी नोकरीत निदान न्यायालयाचा आधार आहे. अवतार सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये जे निकष घालून दिले, ते खासगी कंपन्यांतल्या प्रत्येकाने एकदा मुळातून वाचावेत. फौजदारी खटल्याची माहिती दडवल्याचा ठपका ठेवायचा, तर ती माहिती अर्जात स्पष्ट शब्दांत विचारलेली हवी. तरुण वयातली घोषणाबाजी किंवा किरकोळ गुन्हा लपवला, तर मालक दुर्लक्ष करू शकतो. नोकरीत कायम झालेल्या माणसाला या कारणावरून काढायचे, तर आधी चौकशी हवी. दुसरीकडे, माहिती लपवणाऱ्याला नोकरीवर अनिर्बंध हक्क सांगता येत नाही, हेही न्यायालयाने बजावले आहे. तोल दोन्ही बाजूंनी सांभाळलेला आहे.

तरीही वेळ किती जातो, ते उत्तर प्रदेश पोलिसांच्या २००४ च्या भरतीतल्या एका शिपायाच्या प्रकरणात दिसते. निर्दोष सुटलेल्या खटल्याचा उल्लेख त्याने प्रतिज्ञापत्रात केला नाही. ठाण्याच्या अहवालात त्या सुटकेची नोंद होती आणि वर्तणूक चांगली असल्याचेही म्हटले होते. तरी निवड रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला, तोवर जवळजवळ दोन दशके सरली होती. उमेदीची वर्षे कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही.

खासगी क्षेत्रात एवढाही आधार नाही. खासगी नोकरीचा करार न्यायालये सहसा सक्तीने अमलात आणत नाहीत. फार तर नुकसानभरपाई मिळते, तीही दावा लढवण्याची ऐपत असेल तर. अमेरिकेत मात्र १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यानुसार, बाहेरच्या एजन्सीच्या अहवालावरून नोकरी नाकारण्याआधी अहवालाची प्रत उमेदवाराला द्यावीच लागते. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ८ मध्ये बीज आहे : एखाद्याच्या माहितीवरून त्याच्याबद्दल निर्णय होणार असेल, तर ती पूर्ण आणि अचूक असल्याची खात्री करण्याची जबाबदारी माहिती वापरणाऱ्याची आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क मात्र संमतीने दिलेल्या माहितीशी बांधलेला आहे. त्यामुळे काही सल्लागार आतापासूनच 'संमती नको, रोजगाराचे प्रयोजन दाखवा' असे सुचवतील. कायद्यात ती फट आहे म्हणून आपण तिच्यातून जावे, हे आम्हाला मान्य नाही.

मुदत संपण्याची वाट न पाहता तीन गोष्टी आजच करता येतील. प्रतिकूल अहवाल आला की निर्णयाआधी त्याची प्रत उमेदवाराला द्या आणि उत्तराला किमान सात दिवस द्या. पिवळ्या शेऱ्यावरून ऑफर मागे घेणार नाही, असे धोरणातच लिहा. आणि जुन्या नोकरीचा राजीनामा मागण्याआधी, जेवढी पडताळणी करता येते तेवढी उरकून घ्या. सध्याच्या मालकाकडची चौकशी नंतर करावी लागते, हे खरे. पदवी, पत्ता आणि आधीच्या नोकऱ्यांना तशी काही अडचण नाही. ज्याने नव्वद दिवसांचा नोटीस काळ भरून जुनी खुर्ची सोडली, त्याला परत बसायला जागा नसते.

पडताळणीच्या कलमाचा नमुना मसुदा पुढच्या अंकात छापत आहोत. तुमच्या नेमणूकपत्रात सध्या असलेले कलम, कंपनीचे नाव झाकून, आमच्याकडे पाठवा. मसुदा तुमच्याच शब्दांतून घडायला हवा.