जुना संगणक खरोखरच निकामी होतो का?



एका वर्षी जून महिन्यात, शाळा नुकत्याच उघडल्या असताना, तालुक्याच्या गावी एका शाळेत जाण्याचा योग आला. शाळेच्या संगणक कक्षात बारा संगणक होते. त्यांपैकी पाचांवर खडूने फुली मारलेली होती. मी कारण विचारले, तेव्हा संगणक शिकवणारे सर म्हणाले, "हे गेले. चालू होतात, पण इंटरनेटवरचे एकही पान उघडत नाही. 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' एवढेच सांगतात. कंपनीला कळवले, तर या मॉडेलची सेवा आम्ही बंद केली आहे, असे उत्तर आले. आता निर्लेखनाचा प्रस्ताव लिहून ठेवला आहे."

निर्लेखन म्हणजे वस्तू निरुपयोगी झाली असे नोंदवून ती दप्तरातून काढून टाकणे. त्या वर्गात बेचाळीस मुले होती. बारा संगणक असताना एकेकाभोवती तीन-चार मुले बसत. सात उरले, तर सहा जणांना मिळून एक. सहांपैकी किती जणांचा हात कळफलकाला लागेल, हे तुम्ही अनुभवाने जाणताच.

आम्ही एक संगणक चालू केला. पंखा फिरला, पडदा उजळला, अक्षरे उमटली. यात निकामी काय आहे, असे मी म्हणतो आहे तोच नववीतील एका मुलीने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. "सर, याच्यात २००९ साल चालू आहे!"

तिचे निरीक्षण अचूक होते, आणि आजारही तोच होता.

घड्याळ मागे गेले तर काय होते?

संगणक बंद असतानाही त्याच्या आतील घड्याळ चालू राहावे म्हणून मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल बसवलेला असतो. बहुधा तो ३ व्होल्टचा असतो आणि काही वर्षांनी संपतो. तो संपला, की वीज काढून घेताच संगणक काळवेळ विसरतो आणि पुन्हा चालू झाल्यावर कारखान्यात नेमून दिलेल्या जुन्या तारखेपासून मोजू लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत कक्षाचा मुख्य खटका बंद होता, त्यामुळे हे जूनमध्ये उघडकीस आले.

पण तारीख चुकली म्हणून वेबसाइट का उघडू नये? याचे उत्तर तुमच्या परिचयाच्या गोष्टीत आहे. दुसऱ्या शाळेत प्रवेश घेताना तुम्ही शाळा सोडल्याचा दाखला नेता. त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का असतो. वेबसाइटही आपल्या संगणकाला असाच एक दाखला दाखवते. 'मी तीच, जिचे नाव तुम्ही लिहिले,' असे तो दाखला सांगतो. त्याला मुदत असते. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. ज्या संगणकात २००९ साल चालू आहे, त्याच्या दृष्टीने आजचा दाखला भविष्यातला आहे. म्हणजे खोटा! म्हणून तो दार उघडत नाही. बिचारा आपले कर्तव्य चोख बजावतो आहे.

आम्ही पाचही सेल बदलले, तारखा लावल्या. चार संगणक सुरळीत चालू लागले. पाचव्याच्या मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगले होते. तो मात्र खरोखरच गेलेला होता.

सॉफ्टवेअर झिजत नाही

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्या. सायकलची साखळी झिजते, बुटाचा तळ झिजतो. सॉफ्टवेअर मात्र झिजत नाही. ते म्हणजे आज्ञांची मालिका. दहा वर्षांपूर्वी जी आज्ञा बरोबर होती ती आजही अक्षरशः तशीच असते. मग जुन्या संगणकात नवनवे बिघाड का दिसतात? कारण त्याच्या भोवतालचे जग बदलते आणि तो बदल त्याला कोणी कळवीत नाही.

याचे एक सुरेख उदाहरण ३० सप्टेंबर २०२१ रोजी जगाने पाहिले. दाखल्यावर सही करणाऱ्या मुख्याध्यापकांना कोणी ओळखायचे, हा प्रश्न इंटरनेटवरही आहेच. म्हणून प्रत्येक संगणकात काही विश्वासू 'मूळ' संस्थांची यादी भरलेली असते. त्यांचा शिक्का असेल तरच दाखला खरा. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था असंख्य वेबसाइटना असे दाखले विनामूल्य देते. ती नवी असताना जुन्या संगणकांच्या यादीत तिचे नाव नव्हते, म्हणून तिने एका जुन्या मूळ प्रमाणपत्राचा आधार घेतला होता. त्या जुन्या प्रमाणपत्राची मुदत त्या दिवशी संपली. नव्या संगणकांच्या यादीत लेट्स एन्क्रिप्टचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र तोवर आलेले होते. पण ज्यांची यादी निर्मात्याने अद्ययावत करणे थांबवले होते, अशा जुन्या मॅक संगणकांवर आणि जुन्या आयफोनवर आदल्या दिवशी उघडणारी कित्येक पाने दुसऱ्या दिवशी उघडेनाशी झाली. एका रात्रीत यंत्रे बिघडली होती का? मुळीच नाही. गंमत पाहा, त्याच जुन्या मॅकवर फायरफॉक्स हा ब्राउझर वापरला तर तीच पाने उघडत होती, कारण फायरफॉक्स आपली यादी आपल्याबरोबर बाळगतो. यंत्रात उणीव होती ती सुमारे दोन किलोबाइटच्या एका प्रमाणपत्राची. तुमच्या एका पानी निबंधाहूनही ते लहान! जाणकारांनी ते हाताने भरले आणि त्यांचे संगणक पूर्ववत चालू लागले. ज्यांना हे ठाऊक नव्हते, त्यांनी काय केले असेल याची कल्पना करा.

असाच एक प्रसंग पुढे येणार आहे. अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासून लोटलेले सेकंद मोजून वेळ ठरवतात. जुन्या पद्धतीत ही संख्या ३२ बिटांत ठेवत, आणि त्यांतील एक बिट धन-ऋण चिन्हासाठी खर्च होई. उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे २,१४,७४,८३,६४७. एवढे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी पूर्ण होतील. पुढच्याच सेकंदाला असे यंत्र एकदम १३ डिसेंबर १९०१ वर जाऊन पोहोचेल. नव्या प्रणालींत ६४ बिट वापरून ही अडचण दूर केली आहे. ज्या यंत्रांकडे कोणी लक्ष देत नाही, त्यांचे काय? त्या वेळी तुम्ही ऐन पंचविशीत असाल. कदाचित हा प्रश्न सोडवण्याची जबाबदारी तुमच्यावरच येईल.

दुसरी बाजूही ऐका

आता निर्मात्यांची बाजू पाहू, कारण एकच बाजू ऐकून निकाल देणे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही. प्रत्येक दुरुस्ती प्रत्येक जुन्या यंत्रावर तपासावी लागते. त्याला माणसे लागतात, पैसा लागतो. शिवाय जुन्या रचनेत काही सुरक्षा उपाय बसवताच येत नाहीत. कोणतीही कंपनी अनंत काळ सेवा देऊ शकणार नाही, हे मान्य केले पाहिजे. विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ मध्ये आली आणि तिची सेवा ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. साडेबारा वर्षे हा काळ काही कमी नव्हे.

सेवा थांबलेला संगणक इंटरनेटला जोडून वापरण्यात धोका असतो, हेही खरे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्राम दीडशेहून अधिक देशांत पसरला. संगणकातील माहिती कुलूपबंद करून तो खंडणी मागत असे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील कित्येक रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण ती सेवा चालू असलेल्या प्रणालींसाठी. हाहाकार झाल्यावर कंपनीने एक्सपीसाठीही ती दुरुस्ती खुली केली. मात्र येथे एक कडू सत्य आहे. ज्यांना फटका बसला, त्यांतील बहुसंख्य संगणकांवर विंडोज ७ ही सेवा चालू असलेली प्रणाली होती. दुरुस्ती हाताशी होती; मालकांनी ती बसवली नव्हती. तेव्हा सगळा दोष निर्मात्याच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही.

मग माझा आक्षेप कशाला आहे? सेवा थांबवण्याला नाही. सेवा थांबताच चांगले यंत्र कचरा ठरते आणि ते केव्हा ठरणार हे विकत घेणाऱ्याला आधी माहीतही नसते, याला माझा आक्षेप आहे. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. काही अटींवर घरगुती वापरासाठी आणखी एक वर्षाची मुदत देण्यात आली. त्यापुढची विंडोज ११ ही प्रणाली सुरक्षेसाठी एक ठरावीक प्रकारची चिप मागते, आणि सुमारे २०१७-१८ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या मान्य यादीत नाहीत. त्यामुळे धडधाकट असूनही असंख्य संगणक पुढच्या वर्गात जाऊ शकले नाहीत.

चोवीस अब्ज किलोमीटरवरील दुरुस्ती

जुने यंत्र सांभाळणे अशक्य असते, असे कोणी म्हणाले तर त्याला व्हॉयेजर-१ ची गोष्ट सांगा. हे अंतराळयान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. त्यावरील संगणकांची स्मृती आजच्या साध्या मोबाइलच्या तुलनेत नगण्य आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये यानाकडून येणारी माहिती निरर्थक होऊ लागली. यान तेव्हा सुमारे २४ अब्ज किलोमीटर दूर होते. संदेश पोहोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तितकेच. नासाच्या अभियंत्यांनी शोध घेतला, तेव्हा एका संगणकातील एक स्मृती-चिप बिघडल्याचे आढळले. तेथे पेचकस घेऊन कोण जाणार? त्या चिपवर असलेल्या आज्ञा दुसरीकडे हलवायच्या, तर एका जागी त्या मावेनात. मग त्यांनी आज्ञांचे तुकडे केले, स्मृतीत जेथे जेथे मोकळी जागा होती तेथे ते बसवले आणि सगळे एकमेकांशी जुळवले. २० एप्रिल २०२४ रोजी यानाने पाच महिन्यांनंतर आपली खुशाली पुन्हा सुवाच्य अक्षरांत कळवली.

हे कशामुळे शक्य झाले? यान अविनाशी होते म्हणून नव्हे. त्याची माहिती जपलेली होती, जुने दस्तऐवज उघडून वाचणारी माणसे होती आणि यंत्रात फेरफार करण्याची वाट खुली होती म्हणून. या तीन गोष्टी असतील, तर यंत्राचे वय हा मोठा अडथळा राहत नाही.

काय व्हायला हवे?

माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, औषधाच्या बाटलीवर जशी मुदत छापलेली असते, तशी संगणकाच्या खोक्यावर सेवेची अखेरची तारीख ठळक छापली जावी. शाळेने पैसे मोजण्यापूर्वी ती पाहावी. दुसरी, किमान काही वर्षे सुरक्षा दुरुस्त्या देणे कायद्याने बंधनकारक असावे. हे स्वप्नरंजन नव्हे. युरोपीय संघाने जून २०२५ पासून मोबाइल फोनच्या बाबतीत, विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट द्यावेत, असा नियम लागू केला आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, सेवा थांबवताना निर्मात्याने यंत्राला कुलूप लावून किल्ली खिशात घालू नये. दुरुस्तीची माहिती खुली करावी आणि दुसरी प्रणाली बसवण्याची मोकळीक द्यावी.

ही तिसरी वाट संगणकांच्या बाबतीत पुष्कळशी खुली आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स प्रणाली आज विनामूल्य मिळते. केरळमधील सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवले आहे. लिनक्सही अतिजुन्या प्रोसेसरांना कधी ना कधी निरोप देते, हे लपवण्याचे कारण नाही. पण तिच्या आज्ञा सर्वांना वाचता येतात, त्यामुळे निरोपानंतरही दार बंद होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. निर्लेखनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. तारीख बरोबर आहे का? दुसरा ब्राउझर चालतो का? दुसरी प्रणाली बसवता येईल का? आणि इंटरनेटशिवाय हा संगणक काय काम देईल? ज्या शाळेची गोष्ट मी सांगितली, तेथील ते चार संगणक आता जाळ्याला जोडलेले नाहीत. सेवा थांबलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार किंवा मुलांची खासगी माहिती ठेवू नये, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले. त्यांवर मुले मराठी टंकलेखन करतात, भूमितीच्या आकृत्या काढतात, पायथन भाषेत छोटे प्रोग्राम लिहितात. यांपैकी कशालाही जाळे लागत नाही.

पाचवा संगणक भंगारवाल्याच्या गाडीवर गेला नाही. भंगारात तारा जाळून तांबे काढतात, तेव्हा विषारी धूर निघतो आणि जोडकामातील शिसे मातीत मुरते. म्हणून तो अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यायचे ठरले. पण त्याआधी त्या नववीच्या मुलीने मागणी केली, "सर, आम्हांला तो उघडून पाहू द्या." पुढच्या तासाला वीज काढून, पेचकस घेऊन सगळा वर्ग त्याच्याभोवती जमला. सेल कोठे, स्मृती कोठे, फुगलेले कपॅसिटर कोणते, हे त्यांनी बोट ठेवून पाहिले.

मित्रहो, तुमच्या घरी किंवा शाळेत असा एखादा 'गेलेला' संगणक असेल, तर आधी कोपऱ्यातली तारीख पाहा.